तार वाजल्याशिवाय पालखी उठत नाही

आमच्या गावच्या जत्रेत देवाची पालखी तारेचा आवाज ऐकल्याशिवाय उठत नाही. ढोल, हलगी, सनई, अलीकडचा तो छाती फोडणारा डीजे, हे सगळं नंतर. आधी पालखी वेशीत टेकवतात, आमच्या घरातलं कुणीतरी पुढं उभं राहून तारेवर देवाची चाल वाजवतं, आणि मगच भोई खांदा लावतात. हा आमच्या घराचा मान. वडूजच्या अलीकडचं कोरडवाहू गाव. इथं उसाची मिजास नाही, पाण्याची तर नाहीच नाही, त्यामुळं माणसं मानावर जगतात. बैल विकला तर महिनाभर हळहळतील, मान गेला तर जन्मभर त्या वाटेनं जाणार नाहीत.

आजोबा तुणतुण्यावर चाल वाजवायचे. माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, बेंजो आणला. मांडीवर आडवा ठेवायचा, डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या, तो आपल्याकडच्या वरातींतला बेंजो. औंधपासून कवठे महांकाळपर्यंत आण्णांच्या बेंजो पार्टीला बोलावणं असायचं. मग आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. माणूस वाचला, डावा हात गेला. धाकटा भाऊ भाड्यानं साऊंड सिस्टीम देतो. त्याला आवाज मोठा करता येतो, काढता येत नाही. मग दोन जत्रांना आम्ही विट्याहून एक बेंजोवाला आणून वेळ मारून नेली. तिसऱ्या वर्षी जत्रा कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, आमच्या अंगणात येऊन बसले आणि चहा पिता पिता म्हणाले, ‘‘आण्णा, भाड्याचं माणूस किती दिवस चालायचं? यंदा घरचं माणूस उभं करा. न्हाई जमलं तर मान आमच्या भावकीकडं द्या. देवाचं काम खोळंबाय नको.’’ तात्यांचा पुतण्या नुकताच बेंजो शिकला होता. योगायोग म्हणायचा!

भावानं मला सांगलीला फोन करून हे सांगितलं तेव्हा मी शाळेतून येऊन भाजी निवडत होते. मी गणिताची शिक्षिका, सांगलीत दिलेली. ऐकलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, ‘‘मी वाजवते.’’

भाऊ म्हणाला, ‘‘आक्का, तू? बेंजो?’’

‘‘बेंजो नाही. माझी गिटार.’’

हे गिटारचं प्रकरण थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई शेफारली. लहानपणी मी आण्णांच्या शेजारी बसून बेंजो वाजवायचे. बरा वाजवायचे. मोठी झाले तसा त्यांनी तो माझ्या मांडीवरून उचलला. ‘‘पोरीच्या जातीनं चारचौघांत वाद्य घेऊन बसायचं न्हाई,’’ एवढंच. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही, आणि मग ठरवलं की पुन्हा बेंजोला हात लावायचा नाही. कॉलेजात गिटार घेतली. पुढं एकदा युरोपातल्या भटक्या लोकांचं एक संगीत ऐकलं, जिप्सी जॅझ म्हणतात त्याला. दोन-तीन गिटारी, एक व्हायोलिन, आणि खर्जात घुमणारा एक उभा थोराड बास. ढोल नाही, ताशा नाही. एक गिटारवाला उजव्या हातानं असा ठेका धरतो की ढोलाची आठवणही होऊ नये. मी उडालेच. ही माणसंसुद्धा लग्नात वाजवतात, जत्रेत वाजवतात, गाड्यावर बिऱ्हाड टाकून गावोगाव जातात. मला वाटलं, अगं बाई, ही तर आमची बेंजो पार्टी!

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी मी एसटीनं साताऱ्याला जाते. तिथं आम्ही चौघं एका बंद पडलेल्या क्लासच्या खोलीत वाजवतो. ठेक्याची गिटार माझी. ती साधी गिटार नाही. पोटाला आंब्याच्या कोयीएवढं लांबट भोक, लाकूड पापडासारखं पातळ, आणि तारा ज्या पुलावरून जातात तो पूल चिकटवलेलाच नसतो. तारांच्या दाबावर नुसता उभा असतो. तारा सगळ्या सैल केल्या की तो पडतो. पुण्यात एक जण परदेशात जायला निघाला होता, त्याच्याकडून मी ती घेतली. खोलीत तिचा आवाज खणखणीत. पण जत्रेत, वेशीत, हजार माणसांच्या गलक्यात तिला वीज जोडल्याशिवाय कुत्रं विचारणार नाही, हे मलाही कळत होतं.

तात्यांना निरोप गेला. तात्या हसले म्हणे. मग म्हणाले, ‘‘हरकत न्हाई. पर आधी पारावर वाजवून दाखवा. भोयांना ऐकू आलं पायजे. तार ऐकू न्हाई आली तर पालखी उठायची कशी?’’ मला वाटलं, माणूस रास्त बोलतोय. आवाजाचा प्रश्न आहे, आवाज सोडवू. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार?

पहिली परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत. आण्णांच्या बेंजोत एक पिकअप होता. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवायची बोटभर डबी. आत चुंबक, चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे वेढे. वर तार हलली की तिची थरथर विजेत उतरते आणि पुढं स्पीकरमध्ये जाते. आण्णा खाटेवरून म्हणाले, ‘‘तोच काढून लाव. इतकी वर्सं त्यानं मला दगा दिला न्हाई.’’ भावानं तो काढला, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं माझ्या गिटारीवर बसवला, पारावर दोन बॉक्स उभे केले, आणि मी ठेका धरला.

काय सांगू! खालच्या दोन बारीक तारा किंचाळल्या. वरच्या चार जाड तारा गायब. मी जीव तोडून मारतेय आणि त्या जणू लावल्याच नाहीत. पारावरचं म्हातारं-तरणं सगळं फिदीफिदी हसलं. तात्या म्हणाले, ‘‘वरच्या चार तारा शोभेच्या हायत का गं, पोरी?’’

मी तावातावानं घरी आले आणि गिटार खाटेवर टाकून विचार करत बसले. उत्तर सोपं होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला. चुंबकाला फक्त लोखंड कळतं. आण्णांच्या बेंजोच्या तारा सगळ्या नुसत्या पोलादाच्या, म्हणून तिथं डबी बरोबर चालली. माझ्या गिटारीच्या दोनच तारा तशा. उरलेल्या चार तारांना आत बारीक पोलाद आणि वरून चांदीचं पाणी दिलेल्या तांब्याचा वेढा. त्या तांब्यानंच तर हा आवाज येतो, खुसखुशीत, थोडासा उद्धट. पण चुंबकाला तांबं दिसतच नाही. बेंजोचं काळीज काढून गिटारीत बसवायचा उद्योग आमच्याच घरात व्हायचा!

‘‘मग तारा बदल की,’’ आण्णा म्हणाले.

‘‘तारा नाही बदलणार, आण्णा.’’

‘‘अगं, लोकांस्नी काय कळतंय?’’

‘‘मला कळतंय ना.’’

आण्णांनी कूस बदलली. आमच्या घरात एवढ्यावर भांडण संपलं असं समजतात.

सांगलीत परत आल्यावर नवऱ्यानं विचारलं, ‘‘काय, देवानं पास केलं का?’’ मी म्हटलं, ‘‘देव मध्ये पडलाच नाही. तात्या पडले.’’ तो म्हणाला, ‘‘मग अवघड आहे.’’ हा माणूस कधी फार बोलत नाही, पण बोलला की नेमकं दुखतं तिथं बोट ठेवतो.

दुसरी परीक्षा संक्रांतीला. मधल्या काळात भावानं साऊंडवाल्यांच्या ग्रुपवर विचारून दुसऱ्या जातीचा पिकअप आणला. याला चुंबक नाही. एक चपटी चकती, लाकडाला चिकटवायची. लाकूड जेवढं थरथरेल तेवढं सगळं ती उचलते. तार पोलादाची असो, तांब्याची असो, तिला काही घेणंदेणं नाही. भाऊ खूश. ‘‘आक्का, आता बघ, फुल्ल देतो!’’ पुलाच्या शेजारी, गिटारीच्या पोटावर आम्ही ती चिकटवली.

तिनं सगळं उचललं हो. सगळं म्हणजे सगळं. माझी बोटं तारेवरून सरकली तर करवत चालल्यासारखा आवाज. पदर लाकडाला घासला तर वादळ. आणि संक्रांतीला मी हातभर काचेच्या बांगड्या भरलेल्या. ठेका धरताना मनगट झटकावं लागतं, त्याशिवाय हा ठेका निघत नाही. प्रत्येक झटक्याला बांगड्या लाकडावर आणि स्पीकरमधून खळ्ळ, खळ्ळ! त्यात भावानं आवाज चढवला आणि पातळ लाकूड स्पीकरचाच आवाज पिऊन घुमायला लागलं. अशी शिट्टी बसली की पारावरची कुत्री पळाली.

हसू थांबेना. तात्या डोळे पुसत म्हणाले, ‘‘पोरी, गिटार कमी आन् बांगड्या जास्त वाजायल्यात.’’ आणि मग, उठता उठता, सहज म्हणाले, ‘‘बाईमाणसाच्या हातात बांगड्या असनारच. म्हनून तर.’’

म्हणून तर काय? त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी पुरं करायला लावलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा फक्त कानशिलं तापली. आई, जी या सगळ्यात शेगडीपाशी गप्प बसलेली असायची, ती घरी आल्यावर म्हणाली, ‘‘त्या दिवशी बांगड्या काढून ठेव, बाई. तासाभराचा प्रश्न.’’

‘‘नाही काढणार.’’

‘‘अगं, एरवी तूच तर म्हणतीस, बांगड्या अडचणीच्या.’’

‘‘एरवी माझ्या मर्जीनं काढते. तात्यांच्या मर्जीनं नाही.’’

आई म्हणाली, ‘‘आण्णांवर गेलीस.’’ ती कौतुकानं म्हणाली की वैतागून, ते तिलाच माहीत.

एसटीत खिडकीशी बसून सांगलीला जाताना मात्र त्या बांगड्यांनीच मला वाट दाखवली. काच चुंबकाला ऐकू येत नाही. पदरही येत नाही. बोटांची खरखर फार तर चिमूटभर. चकतीला सगळं जग ऐकू येतं आणि म्हणून ती जगाचा गोंगाट उचलते. चुंबक फक्त तारेचं ऐकतो. म्हणजे मला चुंबकच हवा होता. फक्त असा, जो तांब्याखालचं बारीक पोलादही नीट ऐकेल आणि पोलादी तारांना जरा दाबून धरेल.

पुढचे रविवार साताऱ्यात यातच गेले. आमचा व्हायोलिनवाला म्हणाला, माईक लाव, सगळ्यात खरा आवाज माईकचा. खरं आहे. बंद खोलीत आहेच. पण वेशीत माईक लावला की त्यात आधी हलगी शिरणार, मग पाळणेवाला, मग ‘‘चप्पल सांभाळा’’ म्हणून ओरडणारी माणसं. माझी गिटार शेवटी. बासवाला म्हणाला, मग तारा बदल. निकेलच्या वेढ्याच्या तारा मिळतात, निकेल चुंबकाला लोखंडासारखंच कळतं. लावून बघितल्या. खरंच, सहाच्या सहा तारा एकसारख्या, ठणठणीत. भाऊ त्या दिवशी मुद्दाम गाडी घेऊन साताऱ्याला आला होता, तो टाळ्या वाजवत म्हणाला, ‘‘झालं! आक्का, हेच. ह्याला कोन नाव ठेवतंय बघू!’’

मी वीज काढली आणि नुसती गिटार वाजवली. लाकूड गप्प. तो उद्धटपणा गेला होता. कुणाचीही गिटार असावी तशी एक गिटार वाजत होती. मी तारा उतरवायला घेतल्या.

भाऊ चिडला. ‘‘तुला मान पायजे का नको? आवाज मोठा हाय, साफ हाय, आनखी काय पायजे?’’

‘‘मला माझा आवाज पाहिजे.’’

‘‘वेशीत कोन ऐकनार हाय तुझा आवाज? पालखी उठली की संपलं!’’

‘‘मग तुझ्या मोबाईलवरची रिंगटोन लावूया की, तीही तारेचीच आहे.’’

तो उठून बाहेर गेला. थोड्या वेळानं चहा घेऊन आला, पण माझ्याकडं न बघता. बिचाऱ्याचंही चुकत नव्हतं. गावात त्याला राहायचं होतं, रोज तात्यांच्या दारावरून जायचं होतं. मी एसटीत बसून निघून जाणार. पण म्हणून मी दुसऱ्याचा आवाज घेऊन वेशीत उभी राहू? एकदा मांडीवरून वाद्य उचललं गेलं तेव्हा मी लहान होते. आता नाही.

शेवटी जो पिकअप मिळाला तो दिसायला अगदी साधा. पातळ चुंबकी डबी, गिटारीच्या गळ्याचा शेवट आणि ते लांबट भोक यांच्या मधल्या बोटभर जागेत, तारांखाली बसणारी. भोकात अडकवायचे पिकअप माझ्या गिटारीला बसतच नाहीत, भोकच एवढंसं. या डबीत प्रत्येक तारेखाली एक स्क्रू. तो वर केला की त्या तारेचं जास्त ऐकू येतं, खाली केला की कमी. दोन्ही पोलादी तारांखालचे स्क्रू मी पार आत बुडवले, तांब्याच्या तारांखालचे वर काढले. तारा त्याच चांदी-तांब्याच्या, फक्त नेहमीपेक्षा किंचित जाड घेतल्या. जाड तारेच्या पोटात पोलादही जास्त, आणि चुंबकाला तेवढंच हवं. त्याहून जाड लावल्या असत्या तर पातळ लाकूड फुगून वर आलं असतं. घुमू नये म्हणून भोकात गादीच्या दुकानातल्या स्पंजचा तुकडा कोंबला. तो कोंबताना मला जरा वाईट वाटलं, जिवंत गळ्यात बोळा घातल्यासारखं. पण जत्रेपुरतं तिनं माझं ऐकायचं, नंतर मी तिचं ऐकेन.

स्क्रू फिरवायला, वाजवून बघायला, पुन्हा फिरवायला दिवस गेले. नवरा स्वयंपाकघरातून ओरडायचा, ‘‘तिसऱ्या तारेचा आवाज अजून बारीक आहे!’’ शेजारच्या काकूंनी विचारलं, घरात कुणाचं लग्न आहे का. मी म्हटलं, हो, आहे.

शिमग्याला तिसरी परीक्षा. पारावर नेहमीची मंडळी हसायच्या तयारीत. हातभर बांगड्या मी मुद्दाम घातल्या. भावानं आवाज वर नेला, आणखी वर, आणि मी देवाची चाल सुरू केली. खाली ठेका, वर चाल. शिट्टी नाही. खळ्ळ नाही. सहाही तारा, तांब्याच्या, पोलादाच्या, सगळ्या पाराच्या त्या टोकापर्यंत, पिठाच्या गिरणीपर्यंत गेल्या. गिरणीवाला बाहेर येऊन उभा राहिला. कुणी हसलं नाही. थांबले तेव्हा एक म्हातारा, पालखीच्या पुढच्या दांडीचा भोई, मान हलवत म्हणाला, ‘‘लय ग्वाड. अगदी देवळातनं आल्यागत.’’

मी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी टोपी नीट केली. ‘‘आवाज ठीक हाय,’’ ते म्हणाले. ‘‘बघू.’’

बघू! आवाज ठीक आहे तर बघायचं काय उरलं? सांगलीला जाताना मी मनात सगळं पुन्हा मांडलं. आधी म्हणाले, ऐकू येत नाही. ऐकू आलं. मग म्हणाले, बांगड्या वाजतात. त्या गप्प केल्या. आता काढायला कारण राहिलं नव्हतं, आणि तरी ‘‘बघू’’. समीकरणातून एकेक पद काढत गेलं की शेवटी जे उरतं तेच उत्तर असतं, हे मी पोरांना रोज फळ्यावर शिकवते. तात्यांचं शेवटी काय उरतंय ते मला कळत होतं. मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

जत्रेच्या दिवशी ऊन रणरणत होतं. पालखी वेशीत टेकली. गुलाल, खोबरं, गलका. भावाचा टेम्पो कडेला, त्यावर बॉक्स. आण्णांना खुर्चीवर बसवून वेशीच्या सावलीत आणलं होतं. मी गिटार गळ्यात घालून पालखीसमोर उभी राहिले, वायर जोडली, भावाकडं बघितलं. त्यानं अंगठा वर केला.

आणि तात्या पुढं आले. दोन्ही हात वर करून त्यांनी हलग्या थांबवल्या. ‘‘एक बोलायचं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पोरीनं कष्ट घेतलं. आवाज झ्याक हाय, माजं काय म्हननं न्हाई. पर मान घरच्या मानसाचा. ही लेक हाय. लेक दिली की दुसऱ्या घरची. तिचा मान तिच्या सासरी. देवाफुडं खोटं नको.’’

तात्यांच्या मागं पुतण्या बेंजो घेऊन उभा होता. आधीपासून तयार. स्पीकर आणि बॅटरीसकट.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी पेटेन. उलट हलकं वाटलं. एवढंच होतं तर! दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी स्क्रू फिरवत बसले, तांबं, पोलाद, निकेल, चांदी करत बसले, आणि यांना एवढंच म्हणायचं होतं. दिवाळीतच म्हणाले असते तर माझ्या कितीतरी एसटीच्या खेपा वाचल्या असत्या.

तात्या आण्णांकडं वळले. ‘‘आण्णा, तुमीच सांगा. घरचं मानूस कोन?’’

‘‘त्यांना नका विचारू, तात्या,’’ मी म्हटलं. ‘‘मी हितं उभी हाय. मला इचारा.’’ सांगलीत इतकी वर्षं राहून पुस्तकी झालेली माझी बोली वेशीत आल्यावर आपोआप गावची झाली.

तात्या गडबडले. बाईला विचारायचं म्हणजे कसं, हे त्यांना सुचेना. पण सगळा गाव बघत होता. ‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘तूच सांग. तू कुणाच्या घरची?’’

‘‘माझ्या,’’ मी म्हटलं. ‘‘हे घर माझं, सांगलीचं घरबी माझं. मला कुनी कुनाला दिली न्हाई. मी भांडं हाय का, द्यायला? आन् देवाफुडं खोटं नको म्हंतायसा, तर दिवाळीपासनं आवाजाचं निमित्त काढून मला पळवली, ते काय हुतं?’’

तात्या काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, पण मी थांबले नाही. तारेवर हात मारला. ठेका धरला, वर चाल लावली. स्पीकरमधून चांदी-तांब्याचा तो उद्धट आवाज निघाला आणि वेशीच्या दगडावर आपटून परत आला. मी चूक की बरोबर हे कुणी ठरवायच्या आत पुढच्या दांडीचा म्हातारा भोई म्हणाला, ‘‘तार वाजली गड्यानू,’’ आणि त्यानं खांदा लावला. मागच्यांनी लावला. पालखी उठली.

‘‘आरं थांबा!’’ तात्या ओरडले.

‘‘उठलेली पालखी खाली टेकवायची न्हाई, तात्या,’’ म्हातारा म्हणाला. तात्या बाजूला झाले.

मी वाजवत पुढं चालले. भाऊ टेम्पो हळूहळू मागं आणत होता आणि खिडकीतून वेड्यासारखा हसत होता. देवळाशी पालखी पोचली, आरती झाली, आणि तात्या घामाघूम होऊन माझ्याकडं आले. ‘‘फुडच्या सालासाठी कमिटीत ठराव घेनार हाय,’’ ते म्हणाले. ‘‘लेकीचा मान चालनार न्हाई, असा.’’

‘‘घ्या,’’ मी म्हटलं. ‘‘मीबी येते ठरावाला. गिटार घिऊनच येते.’’

तेवढ्यात मागून, खुर्चीसकट चौघांनी उचलून आणलेल्या आण्णांचा आवाज आला. तात्यांच्या देखत, कमिटीच्या देखत, जरा तोंड वाकडं होत असल्यामुळं अडखळत, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात.

‘‘आन् येताना तिसरी तार सुरात लावून ये. उतरलीय. वेशीपासनं उतरलेली वाजिवत आलीस.’’

मी तिथंच तार छेडून बघितली. उन्हानं खरंच उतरली होती. सगळ्या गावासमोर त्यांनी चूक काढली आणि मला एवढा राग आला म्हणून सांगू! कारण बरोबर होतं त्यांचं.